आधी बूट, बाइंडिंग मागाहून
गुलमर्गला पहिल्यांदाच स्नोबोर्डिंगला निघालाय आणि सगळ्यात कडक बाइंडिंग (बूट बोर्डाला धरून ठेवणारी पकड) घ्यावं का विचारताय, तर नको. फ्लेक्स, म्हणजे कडकपणा, बहुतेक कंपन्या १ ते १० असा सांगतात, शिकणाऱ्याला ३-४ पुरे. मऊ बाइंडिंग चुका पोटात घालतं. कडक असलं की पाय जरा हलला तरी बोर्ड लगेच ऐकतो, आणि आपण तोंडावर. गुलमर्गच्या अफरवाट शिखरावरून वेगात उतरायला लागलात की कडकचं बघू.

खरा खर्च बुटावर करा. दिवसभर ठाणे स्टेशनचे जिने चढून पाय थोडा सुजलेला असतो, तेव्हा टाच भिंतीला टेकवून कागदावर माप घ्या. २६.५ सेंटीमीटर भरलं तर मोंडो साइझ, म्हणजे पावलाच्या लांबीवरचं बुटाचं माप, २६.५. मोज्यांची एकच जोडी. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे किंचित टेकावा, गुडघे वाकवले की सुटावा. मी घोडबंदरच्या घरात पंखा फुल्ल करून अर्धा तास तसा वाकत होतो, बायको हसून बेजार! पण त्याआधीचे 'जरा ऐसपैस' घेतलेले बूट चार दिवसांत आतून दबले, टाच उचलायला लागली, ते दुखणं नको.

बाइंडिंगचा साइझ बुटावरूनच ठरतो. आणि हो, त्याची डिस्क, म्हणजे मधली गोल चकती, बोर्डाच्या भोकांना बसते ना, तेवढं दुकानातच बघा.