फ्यूएल इंजेक्शनचा क्लोज्ड लूप: नॅरोबँड आणि साधा पी-आय पुरेसा आहे?

थ्रॉटलबॉडी
क्लोज्ड लूप म्हणजे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर पाहून पेट्रोल कमी-जास्त करणं. रोजच्या वापरातल्या पेट्रोल गाडीला त्यासाठी वाइडबँड (हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण सांगणारा सेन्सर) लागत नाही, असं माझं मत. नॅरोबँड, म्हणजे साधा सेन्सर, ०.४५ व्होल्टच्या वर गेला की मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त), खाली आला की लीन (पेट्रोल कमी). सेन्सरने बाजू बदलली की पेट्रोलमध्ये उलट दिशेला २-३ टक्क्यांची एक उडी (हा पी-आयमधला पी), मग सेकंदाला १० टक्क्यांचा उतार (हा आय, म्हणजे इंटिग्रेटर). एकूण करेक्शनला ±१५ टक्क्यांची वेसण. १४.७:१ (हवा:पेट्रोल) भोवतीचं हे हेलकावणं धूर स्वच्छ करणाऱ्या थ्री-वे कॅटॅलिस्टला मानवतं.

उलटा_झडप
असहमत. पेट्रोल उडवल्यापासून त्याचा धूर सेन्सरपर्यंत पोचायला आयडलला अर्धा सेकंदही जातो. तुमच्याच आकड्यांनी, सेन्सरला कळेपर्यंत करेक्शन ५ टक्के पुढे निघून गेलेलं असतं. क्रूझला मस्त, सिग्नलला आरपीएम झोके घेणार. शिवाय नॅरोबँड बाजू सांगतो, अंतर नाही. २ टक्के लीन काय नि १२ टक्के लीन काय, त्याला सारखंच.

थ्रॉटलबॉडी
उतार आरपीएमच्या टेबलातून घ्या, आयडलला क्रूझच्या चौथाईवर आणा. अंतर ट्रिममध्ये, म्हणजे करेक्शनच्या आकड्यात, दिसतं: हेलकावे +१० भोवती होत असतील, तर त्या जागी बेस मॅप (करेक्शनआधीचं पेट्रोलचं टेबल) सुमारे १० टक्के कमी पेट्रोल देतोय. आधी तो आकडा मॅपमध्ये भरा.

ओटू_ओटू
दोघेही एक विसरताय. सेन्सर ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल नाही. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टचं गॅस्केट गळत असेल किंवा एक सिलिंडर मिसफायर होत असेल, तर त्याला लीनच दिसणार. लूप इमानेइतबारे +१५ वर जाऊन बसतो आणि प्लग काळे. वाइडबँडही इथे असाच फसतो.

फ्यूएल कटमध्येही (पेट्रोल पूर्ण बंद असताना) तेच. थ्रॉटल सोडून उतारावर गाडी, सेन्सरसमोर निव्वळ हवा. तेव्हा इंटिग्रेटर गोठवला नाही, तर पुन्हा थ्रॉटल दिल्यावर इंजिन रिच होऊन अडखळतं. (दोष मात्र बिचाऱ्या इंजेक्टरला.) कट संपल्यावरही सेकंदभर थांबून मगच लूप पुन्हा चालू करा. सेन्सर ३०० अंशांच्या खाली असेल तर लूप बंदच बरा.

उलटा_झडप
गोठवण्याचं पटलं. पण फुल थ्रॉटलला १२.५ ते १३:१ लागतं. तिथे नॅरोबँड ०.८५-०.९ व्होल्टवर चिकटून बसतो, आणि तोही आकडा सेन्सरच्या तापमानाने सरकतो. त्यावर मॅप बसवणार कसा?

थ्रॉटलबॉडी
नॅरोबँडवर नाहीच. फुल थ्रॉटलला लूप उघडाच ठेवायचा, म्हणजे सेन्सर न पाहता नुसत्या मॅपवर चालवायचं. तेवढा मॅप बसवताना वाइडबँड लावा, काम झालं की काढा.

उलटा_झडप
म्हणजे वाइडबँड लागतोच की!