'सरवा', 'कड' आणि 'कानाकोपरा'

ओवी, कोथरूड: शेतातलं काही पीक गरिबांसाठी सोडा, अशी आज्ञा बायबलमध्ये आहे. तिच्यावर (लेवीय १९:९) मुलांसाठी मराठी पाठ लिहिते आहे. 'शेताच्या कानाकोपऱ्यातलं पीक कापू नका' असं लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी 'कडेचं पीक' करा म्हणून खूण केली. मूळ हिब्रू शब्द 'पेआ'. कोणता शब्द ठेवू?

खळं: कड. 'कानाकोपरा' म्हटलं की मराठीत सगळीकडे असा अर्थ होतो, मग कापायचं काय राहिलं? मिश्नात, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात, पेआचं किमान प्रमाण साठावा भाग आहे, म्हणजे दीड एकरात एक गुंठा. शिवाय जागा ठरलेली असली की गरिबाला मालकाच्या तोंडाकडे बघत बसावं लागत नाही. थेट यावं, कापावं, न्यावं.

पेठकर: त्याच ओळीत पुढे 'सरवा' येतो. पुण्यातल्या किती मुलांना तो कळेल? 'उर्वरित धान्य' लिहा.

खळं: अजिबात नको. उर्वरित म्हणजे मालकाचं भागल्यावर शिल्लक राहिलेलं. कापताना हातातून सुटलेलं कणीस म्हणजे सरवा, आणि ते पडताक्षणी मालकाचं राहत नाही. त्यालाही हिल्लेल या ज्यू धर्मगुरूच्या पंथाने नेमकी मर्यादा घातली: एक-दोन कणसं पडली तर गरिबाची, तीन पडली तर मालकाची. बांधून शेतात विसरलेली पेंढी हा आणखी तिसरा प्रकार, तो अनुवाद २४:१९ मध्ये. तिन्हींची सरमिसळ करू नका.

आऱ्या: मराठीत सरवा कणसापुरता नाही. भुईमूग उपटताना जमीन वाळून कडक झालेली असली की आऱ्या, म्हणजे शेंगा झाडाला जोडणारे देठ, तुटतात, शेंगा मातीत राहतात. त्या उकरून वेचणं हाही सरवाच. गहू हार्वेस्टरने काढला तर कणसं नाही, सुटे दाणे सांडतात आणि वेचायला हाती काही लागत नाही. शब्द विसरायला लागलाय तो यामुळे.

पेठकर: व्युत्पत्ती 'सरणे'वरून असावी. पीक सरल्यावरचा तो सरवा.

खळं: ऐकायला गोड आहे, पण बायबलमधल्या रूथच्या पुस्तकात (अध्याय २) कापणी चालू असतानाच गरीब विधवा रूथ कापणाऱ्यांच्या मागून वेचते. शेतमालक बवाज तर गड्यांना पेंढ्यांतून मुद्दाम काही काढून टाकायला सांगतो. सरलेलं कुठे आहे?

पेठकर: शब्दाची व्युत्पत्ती मराठीत शोधायची, रूथच्या शेतात नाही.

मुक्ता, दौंड: पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, ते १९२४ साली छापून झालं. साध्या बायांना कळावं ही त्यांची धडपड होती. 'उर्वरित धान्य' त्या धडपडीच्या उलट जातं.

ओवी, कोथरूड: पाठात आजचं उदाहरण हवं आहे. लग्नातलं उरलेलं जेवण 'सरवा' म्हणून चालेल?

मुक्ता, दौंड: उरलेलं नको, वेगळं काढलेलं हवं. पहिली पंगत बसायच्या आधी भात-आमटी झाकणाच्या डब्यांत भरा. भात खोल पातेल्यात ठेवलात तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि आंबतो. पसरट डबे घ्या, दोन तासांच्या आत पोचवा. ओल्या खोबऱ्याची चटणी आणि दह्यातली कोशिंबीर देऊ नका, त्या आधी बिघडतात.

आऱ्या: हा तर पेआ झाला, आधीच राखलेला. सरव्यात वेचणाऱ्याचे कष्ट असतात, ती कुणाची मेहेरबानी नव्हे. डबा हातात दिला की ते दान.

पेठकर: मग मजुरीचं उदाहरण घ्या. लेवीय १९:१३: मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःपाशी ठेवू नये. 'रोज' हा शब्द आपल्याकडे आहेच. रोजाचे पैसे त्याच संध्याकाळी.

ओवी, कोथरूड: घेते. पण मुळात 'कड' की 'बांधाकडच्या ओळी'?

आऱ्या: बांध म्हणजे दोन शेतांमधली मातीची उंच पट्टी, तिच्यावर पीक नसतं. विदर्भात तिलाच धुरा म्हणतात.

खळं: 'बांधाकडच्या' म्हटलंय, 'बांधावरच्या' नाही.