मदत हवी आहे: अडीच वर्षांच्या लेकाचा आकांत

भांडुपला राहतो. लिफ्टचं बटण दुसऱ्या कुणी दाबलं की लेक तिथेच लादीवर लोळण घेतो, उचलायला गेलं तर दंडाला कडकडून चावतो. दुपारची झोप हुकली की जास्तच. या वयात राग आवरणारा मेंदूचा भाग कच्चा असतो, म्हणून मी ओरडत नाही. शेजारी बसून "बटण तुला दाबायचं होतं ना, राग आला" एवढंच म्हणते. पण सासूबाई कळवळून लगेच मोबाइल देतात. दिवसभर त्याच सांभाळतात, माया खरी आहे, त्यांना दुखवायचं नाही. तुम्ही घरातल्या मोठ्यांशी हे कसं बोललात? आणि तो चावायला लागला की नेमकं काय करायचं? अनुभव असेल तर नक्की सांगा.