पोडांवरील मुलांच्या विज्ञान खेळण्यांसाठी निधी कसा उभारावा? मदत हवी आहे

यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी तालुक्यातल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवरील (लहान वस्त्यांवरील) मुलांना विज्ञानाची खेळणी देण्याचा आम्हा काही शिक्षकांचा विचार आहे. बहुतेक पालक शेतमजूर असून कापूस वेचणीच्या दिवसांत मुलेही त्यांच्यासोबत शेतावर जातात. त्यामुळे शाळेत कुलपात राहणाऱ्या प्रयोगपेटीपेक्षा घरी नेता येईल आणि मोडल्यास मुलांनाच दुरुस्त करता येईल, असे साहित्य आम्हाला हवे आहे. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनवणारे अरविंद गुप्ता यांनी लोकप्रिय केलेल्या पद्धतीने एक सेल, एक चुंबक, दोन सेफ्टी पिना आणि इनॅमलचा लेप असलेली तांब्याची तार एवढ्यावर फिरणारी मोटर तयार होते. तारेच्या एका टोकाचा लेप पूर्ण आणि दुसऱ्या टोकाचा अर्धाच खरवडला, तर ती फिरत राहते. असे का होते, हे शोधण्यातच खरी मजा आहे. महागड्या तयार संचांचा आग्रह त्यामुळे आम्ही सोडला आहे.

अडचण अशी की आमची नोंदणीकृत संस्था नाही आणि मोठे देणगीदार आयकर सवलतीची पावती मागतात. अशा वेळी एखाद्या जुन्या विश्वस्त संस्थेमार्फत निधी घ्यावा, की रोख रक्कम टाळून केवळ वस्तुरूपाने मदत स्वीकारावी? सेल वारंवार संपतात, तो खर्च देणगीदारांना कसा पटवून द्यावा? नागपूर किंवा अमरावतीत चुंबक आणि तार घाऊक दराने कोठे मिळते, हेही अनुभवी सदस्यांनी कृपया कळवावे. गावातील वर्गणी मात्र कापूस विकला गेल्यावरच मागणार आहोत, त्याआधी कोणाच्याही हाती पैसा नसतो.