अनुभव धागा: दक्षिण आफ्रिकेत शिकायला जाताना

तिकडचं शैक्षणिक वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं. आपल्याकडे जून-जुलैत निकाल हाती आला तरी सहा-सात महिने मिळतात, पण कागदपत्रांत ते कसे संपतात कळत नाही. जाऊन आलेल्यांनी आणि सध्या तिथे असलेल्यांनी लिहा. टेबल माउंटनचे फोटो नकोत. कागद, आकडे आणि कुठे अडतं ते हवं.

सह्यवारा
आधी पदवीचा हिशेब. तिथे तीन वर्षांची बॅचलर, मग एका वर्षाचं वेगळं ऑनर्स आणि त्यानंतर मास्टर्स. आपल्या तीन वर्षांच्या बीएस्सी-बीएवर सहसा थेट मास्टर्स मिळत नाही, म्हणून ऑनर्सला अर्ज करा. चार वर्षांच्या बीईवाल्यांना ही अडचण कमी.

व्हिसाचा अर्ज व्हीएफएसकडे, म्हणजे व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात. तो सगळ्यात जास्त अडतो विम्यावर. आपल्याकडचा प्रवासविमा चालत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या कायद्याखाली नोंदलेल्या मेडिकल स्कीमचंच सदस्यत्व लागतं. प्रवेशपत्र हातात आलं की लगेच ते घ्या. पोलीस क्लिअरन्स फक्त भारताचं पुरत नाही: अर्जाआधीच्या पाच वर्षांत जिथे जिथे १२ महिने किंवा जास्त राहिलात, त्या प्रत्येक देशाचं हवं. दुबईत दोन वर्षं नोकरी केलेले इथे हमखास अडकतात. डॉक्टरांचा अहवाल त्यांच्या ठरलेल्या फॉर्मवर आणि सहा महिन्यांच्या आतला असावा. उत्साहाच्या भरात जूनमध्ये तपासणी करून ठेवली, तर डिसेंबरात ती पुन्हा करावी लागेल. छातीच्या एक्स-रेचा अहवालही पूर्वी लागायचा, २०२४च्या नियमबदलात ती अट गेली.

उत्तरमुखी
वरच्यात भर. नैरोबी किंवा आदिस अबाबावरून तिकीट स्वस्त पडतं, पण तिथल्या विमानतळावर १२ तासांपेक्षा जास्त थांबा असेल तर यलो फीव्हरचा दाखला मागतात. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यायची. एकदा घेतली की जन्मभर चालते.

व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज मुदत संपायच्या किमान ६० दिवस आधी करा. जास्त राहिलात तर देशाबाहेर पडताना 'अनिष्ट व्यक्ती' असा शिक्का बसतो: ३० दिवसांपर्यंत १२ महिन्यांची बंदी, त्यापुढे ५ वर्षांची.

खोली बघताना खिडकीची दिशा विचारा. दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येतं. केप टाऊनचा पाऊस जून ते ऑगस्टच्या थंडीत पडतो आणि घरांत हीटिंग बहुधा नसतंच. दक्षिणेला तोंड असलेल्या खोलीत भिंतीला बुरशी धरते आणि कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत.

पिनवाला
वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्ट ५० हर्ट्‌झ. तिथलं जुनं सॉकेट म्हणजे आपलं गीझरचं, जाड तीन गोल पिनांचं. त्यामुळे 'युनिव्हर्सल' अडॅप्टरवर पैसे घालवू नका, त्यातल्या बऱ्याच अडॅप्टरांना ही पिनच नसते. आपल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात लहान पिन मोठ्या सॉकेटला लावायचं कन्व्हर्टर मिळतं, ते दोन-तीन न्या.

भारनियमनाला तिथेही 'लोडशेडिंग'च म्हणतात. एक स्टेज म्हणजे १,००० मेगावॉट कपात, अशा आठ स्टेज. मार्च २०२४ नंतर ते खूपच कमी झालंय, तरी राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस असू द्या. दिवे गेले तरी फायबर बहुधा चालू असतं, बंद पडतो तो राउटर.

भाकरीवाली
ज्वारी मिळते! 'माबेले' नावाने, पेज करण्यासाठी विकतात. रंग लालसर-तपकिरी, दळण भरड. मिक्सरमधून काढून चाळून घ्या. पाकिटातल्या पिठाला विरी नसते, त्यामुळे नुसतं गार पाण्यात मळलंत तर भाकरीच्या कडा फाटणार. एक वाटी पिठाला पाऊण वाटी उकळतं पाणी आणि मीठ, झाकून १० मिनिटं, मग कोमट असतानाच मळा. लागेल तसा पाण्याचा हात लावा. थापता येत नसेल तर दोन प्लास्टिकच्या कागदांत लाटा. होस्टेलच्या इलेक्ट्रिक शेगडीवर ज्वाळ नाही, म्हणून दुसरी बाजू तव्यावरच फडक्याने दाबत शेका.

तूरडाळ मागताना 'ऑइल ढाल' म्हणा. तेल लावलेली असते. हरभऱ्याची डाळ म्हणजे 'ग्रॅम ढाल'. भारतीय किराण्याची दुकानं केप टाऊनला रायलँड्स भागात, जोहान्सबर्गला फोर्ड्सबर्गमध्ये. डर्बनला तर शोधावंच लागत नाही.

सह्यवारा
एक राहिलं: डीपी, म्हणजे 'ड्यूली परफॉर्म्ड', परीक्षेला बसायची पात्रता. केप टाऊन, क्वाझुलू-नाताल वगैरे ठिकाणी वर्षभराचं काम पुरेसं नसेल तर लेखी परीक्षेलाच बसू देत नाहीत. किती ट्युटोरियल, किती टक्के, ते प्रत्येक विषयाच्या माहितीपत्रकात पहिल्याच आठवड्यात दिलेलं असतं. उत्तीर्ण ५०ला, पहिला वर्ग ७५ला. आपल्याकडच्या ८५ टक्क्यांची सवय असेल तर तिथले ६८ बघून घाबरू नका, ते चांगले आहेत.

टॅक्सीस्टँड
तिथे टॅक्सी म्हणजे मिनीबस. जोहान्सबर्गमध्ये तर्जनी वर केली की शहरात जायचंय, खाली केली की जवळपास. भाडं मागून पुढे हातोहात जातं आणि ड्रायव्हरशेजारी बसलेल्यालाच सगळ्यांचे सुटे पैसे मोजावे लागतात. हिशेब कच्चा असेल तर पुढची सीट टाळा. केप टाऊनला मात्र दारात उभा असलेला 'गाची' पैसे घेतो. अंधार पडल्यावर मिनीबस नको, विद्यापीठाची शटल धरा. मोबाइलवरून मदतीसाठी ११२.