मदत हवी आहे: भाऊ लिथियमवर आहे, व्हे प्रोटीन सुरू केलंय, कॅल्शियम वाढलेलं आलंय

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरचे. धाकट्या भावाला बायपोलर आहे, लिथियमवर बरीच वर्षं छान सेटल आहे, नोकरी नीट चालू. आता जिम लावलीय आणि ट्रेनरनं सांगितलं म्हणून रोज दोन स्कूप व्हे, वर पनीर, सोया, आणि मीठ जवळपास बंदच. शेव तर गेलीच, पण सकाळी पोह्यांवर आई जिरावन (आमच्याकडचा खारट मसाला) घालायला गेली की हा प्लेटवर हात आडवा धरतो.

परवा रिपोर्ट आले. लिथियम मागच्या वेळी ०.७ होतं ते ०.९ झालंय (रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनीच रक्त दिलंय), कॅल्शियम १०.९, लॅबची लिमिट १०.५. क्रिएटिनीन (किडनीची तपासणी) नॉर्मल. डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात.

बाबांच्या मते सगळं पावडरीमुळे. भाऊ म्हणतो जास्त प्रोटीननं कॅल्शियम उलट लघवीतून जास्त जातं, मग रक्तात वाढेल कसं? मला त्याचं पटतंय, पण मग वाढलं कशानं? आणि मीठ आजपासून परत सुरू करायला लावू का? मला खरंच काळजी वाटतेय, इतक्या वर्षांनी गाडी रुळावर आलीय त्याची.

उत्तर (बडोद्याहून):
ताई, मी स्वतः लिथियमवर आहे. भावाचं बरोबर आहे, प्रोटीनवर मला संशय कमी. लिथियमच पॅराथायरॉइड ग्रंथीला बिघडवू शकतं, म्हणजे कॅल्शियम पुरेसं झालं तरी ती हार्मोन सोडतच राहते आणि किडनीतून कॅल्शियम बाहेर जाणंही कमी होतं. म्हणून कॅल्शियम अल्ब्युमिनसकट (रक्तातलं एक प्रोटीन) परत करा, सोबत पीटीएच (या ग्रंथीचं हार्मोन), व्हिटॅमिन डी, मॅग्नेशियम आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी), काय काय करायचं ते डॉक्टरांना विचारून.

मला जास्त भीती मीठ बंद केल्याची वाटते. किडनी लिथियमला सोडियमसारखंच वागवते, मीठ कमी पडलं की सोडियम धरून ठेवते आणि त्याबरोबर लिथियमही. घाम, उपास, जुलाब, सगळ्याचा तोच परिणाम. पण एकदम भरपूर मीठही नको, लिथियमची लेव्हल खाली येते. रोज सारखं हवं. अपॉइंटमेंटची वाट बघू नका, आजच फोन करून विचारा. अंगदुखीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेत असेल तर तेही सांगा, त्यानं लेव्हल चढते. हात जोरात थरथरणं, उलट्या, जुलाब, तोल जाणं, यातलं काही दिसलं तर सरळ इमर्जन्सीत न्या. आणि मनानं गोळी बंद करू नका. व्हिटॅमिन डी३ चे ६०,००० युनिटचे सॅशे घेतो का तो? त्यानंही कॅल्शियम वाढू शकतं.

धागाकर्ती:
हो, घेतो! ड्रॉवरमध्ये आत्ताच सापडले, ट्रेनरनंच सांगितलेले. डॉक्टरांशी फोनवर बोलले, सॅशे बंद, जेवणात घरचं नेहमीचं मीठ, आणि उद्या पीटीएचबरोबर लिथियम परत बघायचंय. लिथियमवर असून जिम करणारं कुणी आहे का इथे? प्रोटीन किती ठेवता आणि लेव्हल किती दिवसांनी तपासता, प्लीज सांगा.