बटण दाबलं नाही म्हणून फोर्क नाही?

लष्करकर, ग्वाल्हेर
आमच्या लष्कर भागातल्या एका मराठी वाचनालयासाठी मी पुस्तकांच्या देवघेवीचं छोटं सॉफ्टवेअर लिहिलं आणि गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर उघडं ठेवलं. तिथे ‘फोर्क’ नावाचं बटण असतं, दाबलं की दुसऱ्याच्या कामाची प्रत आपल्या खात्यात येते आणि पानावर ‘फोर्क्ड फ्रॉम’ म्हणून मूळ कामाचं नाव उमटतं. एमआयटी लायसन्स, म्हणजे माझं नाव राखून कुणीही घ्या. परवा दुसऱ्या गावच्या एका मंडळाचं असंच सॉफ्टवेअर बघण्यात आलं. सदस्य-फॉर्मच्या माथ्यावर लिहिलंय ‘वाचनलय’. तो काना मीच खाल्ला होता!

विचारलं तर म्हणाले, आमचं स्वतंत्र आहे, पानावर ‘फोर्क्ड फ्रॉम’ दिसतंय का? नाही दिसत, खरंय. त्यांचं रेपो, म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास, माझ्या रेपोला जोडून आणलं आणि बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटला दोन्हींचा सामाईक पूर्वज विचारला (मर्ज-बेस). काहीच आलं नाही, एकही कमिट (बदलाची नोंद) सामाईक नाही. मग दोन्हीकडच्या प्रत्येक कमिटचा ट्री-हॅश (त्या वेळच्या सगळ्या फायलींवरून निघणारा ठसा) काढून याद्या जुळवल्या. त्यांच्या पहिल्या कमिटचा ट्री आणि माझ्या 41व्या कमिटचा ट्री एकच निघाला. म्हणजे फायलींची झिप उतरवली, गिट इनिट करून इतिहास नव्याने सुरू केला, झाले स्वतंत्र. माझ्या मते हा फोर्कच. बटणाचं काय घेऊन बसलात?

सराफा_रात्रपाळी, इंदूर
काका, कॉपी आणि फोर्क यांत गल्लत होतेय. फोर्क म्हणजे फाटा, आणि तो सांगून फुटतो. 2009 मध्ये मायएसक्यूएल या डेटाबेसमधून मारियाडीबी निघालं, 2010 मध्ये ओपनऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरमधून लिबरऑफिस. नाव वेगळं, कारभार वेगळा, भांडण चव्हाट्यावर. तुमच्याकडे झाली ती नुसती उचलेगिरी. लायसन्समधलं तुमचं नाव उडवलं असेल तर त्यावरून जरूर भांडा, पण त्याला फोर्क म्हणून मान कशाला देता?

लष्करकर
आणि बटणवाल्यांचं काय? माझ्याच खात्यात नऊ फोर्क पडून आहेत, एकातही मी ओळ लिहिलेली नाही. तिथे कुठला फाटा फुटला?

दांडियाबाजारवाली, बडोदा
तुम्ही दोघंही चुकताय. गिटहब आलं 2008 मध्ये, गिट त्याच्या तीन वर्षं आधीचं. क्लोन करून, म्हणजे इतिहासासकट प्रत घेऊन, गिटलॅब या दुसऱ्या साइटवर चढवलं की गिटहबला पत्ताही लागत नाही. म्हणून खूण शोधायची ती कमिटमध्ये. कमिटच्या हॅशमध्ये ट्री, आधीचं कमिट, लेखक, वेळ, संदेश सगळं मुरलेलं असतं. दोन रेपोंत तोच हॅश सापडला की योगायोग म्हणायला जागा उरत नाही. सामाईक कमिट असेल तर फोर्क, नसेल तर नाही. तुमचा नाही.

सराफा_रात्रपाळी
ताई, मग गिटके (गिटमधला इतिहास चित्रात दाखवणारं साधन) आणि गिट एकमेकांचे फोर्क का? गिटके वेगळं रेपो होतं, पहिलं कमिटही वेगळं. 2005 मध्ये गिटचे जनक लिनस टॉर्वाल्ड्स यांनी ते इतिहासासकट गिटमध्ये मर्ज केलं, मिसळलं. आता कमिट सामाईक आहेत. लिनक्समध्ये बीटीआरएफएस ही फाइल-सिस्टम आली तीही अशीच. सोयरीक झाली म्हणून दोन्ही घरं एका कुळाची होत नाहीत. तुमचा नियम साखळीने पुढे नेला तर निम्मं गाव भाऊबंद निघेल.

ट्रीचंही तसंच. जीपीएल या लायसन्सची नुसती तीच फाइल त्याच नावाने टाकून ज्यांनी ज्यांनी रेपो उघडलं, त्या सगळ्यांच्या पहिल्या कमिटचा ट्री एकच. ते काय सगळे फोर्क?

लष्करकर
एका फाइलचं सांगू नका. इथे 63 फायली जुळल्या, वर तो काना.

आणि ‘सांगून फुटतो’ म्हणता? ग्वाल्हेरात बसून हे ऐकवत नाही हो. ग्वाल्हेर घराण्याच्या हस्सू-हद्दू खाँनी बडे मोहम्मद खाँ या दुसऱ्या गवयाची गायकी पडद्याआड बसून उचलली, अशी इथली ऐकीव गोष्ट. शिष्य म्हणून गंडा बांधला नाही, तालीम नाही. तरी ती त्यांच्या तानांत आलीच ना?

दांडियाबाजारवाली
आली, पण घराणं ग्वाल्हेरचंच म्हणतात ना? मोहम्मद खाँचं नाही. उलट बघा, गवई विष्णु दिगंबर पलुसकर शिकले मिरजेला, ग्वाल्हेर गायकीच्या बाळकृष्णबुवांकडे. 1901 मध्ये गाण्याची शाळा काढली ती लाहोरला. तरी त्यांना ग्वाल्हेरचेच म्हणतो, कारण गुरू-शिष्यांमधली प्रत्येक बैठक मोजता येते. कमिट म्हणजे तीच बैठक.

(बाकी 63 फायलींचा मुद्दा मला पटला. तेवढ्यापुरती मी माघार घेते. पण किती फायली जुळल्या म्हणजे फोर्क, हा आकडा कोण ठरवणार?)

सराफा_रात्रपाळी
काका, रागावू नका, आत्ताच तुमचं रेपो उघडलं. तुमच्या पहिल्याच कमिटमध्ये एकदम 58 फायली आहेत. संदेश, ‘सुरुवात’. या 58 एका रात्रीत लिहिल्या?

लष्करकर
...नाही. एका मित्राने सीडीवर दिलं होतं, दुकानाच्या उधारीखात्याचं. ग्राहकाच्या जागी सदस्य केलं, मालाच्या जागी पुस्तक. त्याला आजच फोन करतो. पण त्याच्याकडे ते कुठून आलं, तेही विचारावं लागेल.